आईचा ओव्हरीचा कॅन्सर परत आलाय. पुढे काय? अनुभव आणि सल्ले हवेत

अबोली_१२ | ३ जून २०२५, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोबाईलवरून टंकतेय, चूभूद्याघ्या.

आई ६१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आईबाबा सांगलीला, मी पुण्यात, दादा बंगळुरात. २०२३च्या सुरुवातीला आईचं पोट फुगायला लागलं. गॅसेस म्हणून दोन महिने ओवा, हिंग आणि गुलाबी पातळ औषध झालं. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. ओव्हरीचा कॅन्सर, हाय ग्रेड सीरस (झपाट्याने वाढणारा प्रकार), स्टेज ३सी. आधी तीन केमो (पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन), मग मोठं ऑपरेशन, मग उरलेल्या तीन केमो. ऑपरेशनच्या कागदावर 'डोळ्यांना दिसेल असं काही शिल्लक नाही' असं लिहिलंय. शेवटची केमो ऑगस्ट २०२३.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी सीए १२५ (या कॅन्सरची रक्तातली खूण). कधी १२, कधी ११, कधी १४. आई मास्तरीणच. "आमच्या शाळेत पस्तिसाला पास, इथे पस्तिसाच्या वर गेलं की नापास," असं येईल त्या पाहुण्याला ऐकवायची. मार्चमध्ये ४१ आला. मेमध्ये ९६. गेल्या आठवड्यात पेट स्कॅन झाला: यकृताच्या कडेला एक गाठ, ओटीपोटात आणखी काही छोट्या. पाणी नाही. आईला त्रास काहीच नाही, कैऱ्या किसून लोणचं घालून मोकळी झाली.

डॉक्टर म्हणाले पुन्हा केमो करू, रिस्पॉन्स चांगला येईल. मी विचारलं, बरी होईल ना? ते म्हणाले, "कंट्रोलमध्ये ठेवू." तेव्हापासून तो एकच शब्द डोक्यात घोळतोय.

आईला अजून खरं सांगितलेलं नाही. 'रिपोर्ट थोडे वरखाली आहेत' एवढंच. बाबा म्हणतात, कळलं तर खचेल. दादा बाबांच्या बाजूने.

अजून एक, बावळटपणाचं वाटेल. मागच्या केमोपासून आईच्या बोटांना मुंग्या आहेत. ती गोधड्या शिवते. सुई टोचलेली कळत नाही, कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की कळतं. तरी शिवते. पुन्हा तीच केमो दिली तर बोटं पार जातील का?

कोणी यातून गेलंय का? ऑपरेशन पुन्हा करतात का? नवीन गोळ्यांबद्दल ऐकलंय, त्या आपल्याला परवडतात का?

खडीसाखर | ४ जून, सकाळी ६:५५

अबोली, मी गेले आहे यातून, आईसोबत. सविस्तर लिहिते, पण आत्ता डबे भरायचेत. तोवर एवढंच कर: पहिल्या ऑपरेशनची बायोप्सी जिथे झाली तिथून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घे. दुसरं मत घ्यायला त्या लागतातच आणि ऐनवेळी 'रेकॉर्ड रूमचे साहेब रजेवर आहेत' होतं.

कंपौंडर | ४ जून, सकाळी ९:१०

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, कॅन्सरचा डॉक्टर नव्हे. तेव्हा हे वाचून प्रश्नांची यादी करा, निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टबरोबर.

या आजारात सगळ्यात आधी एक हिशेब करतात. शेवटच्या प्लॅटिनमपासून (म्हणजे कार्बोप्लॅटिनपासून) आजार परत दिसेपर्यंत किती महिने गेले? सहा महिन्यांची एक ढोबळ रेघ आहे. त्याच्या आत परतला तर पेशी प्लॅटिनमला दाद देत नाहीत असं धरतात आणि औषधांची दिशाच बदलते. सहा महिन्यांनंतर परतला तर तेच औषध पुन्हा चालण्याची शक्यता चांगली, आणि मधला काळ जितका लांब तितकी अधिक. तुमच्या आईचे वीसेक महिने झालेत. डॉक्टर 'रिस्पॉन्स चांगला येईल' म्हणाले ते उगाच धीर द्यायला नाही.

'बरी होईल का' याचं खरं उत्तर: परतलेला ओव्हरीचा कॅन्सर मुळापासून जाणं फार क्वचित घडतं. पण परतला म्हणजे संपलं असंही नाही. स्टेज ३-४च्या बहुसंख्य बायकांमध्ये तो परततो, आणि त्यातल्या कितीतरी पुढची अनेक वर्षं केमो, विश्रांती, पुन्हा केमो अशी काढतात. विश्रांतीच्या काळात लग्नकार्यं, प्रवास, भांडणं सगळं नेहमीसारखं.

घाईबद्दल. फक्त सीए १२५ वाढला म्हणून लगेच केमो सुरू करणं आणि त्रास होईपर्यंत थांबणं, यांची तुलना ब्रिटन आणि युरोपात ५२९ बायकांवर झाली होती. निकाल २०१० साली आला. लवकर सुरू केलेल्यांना साधारण पाच महिने आधी केमो मिळाली, आयुष्य मात्र वाढलं नाही. तुमच्याकडे स्कॅनमध्येही गाठी आहेत, त्यामुळे सरसकट थांबा म्हणत नाही. पण दोन-चार आठवडे नीट विचार करण्यात, दुसरं मत घेण्यात सहसा काही बिघडत नाही. उद्याच सलाईन लावा असं कोणी म्हणालं तर का ते विचारा.

ऑपरेशनबद्दल. पुन्हा करतात, पण निवडून. जर्मन गटाच्या पुढाकाराने झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत रुग्णाची तब्येत चांगली, पहिल्या वेळी सगळं काढलेलं आणि पोटातलं पाणी अर्ध्या लिटरपेक्षा कमी, अशाच बायका घेतल्या होत्या. ऑपरेशन आणि केमो झालेल्यांचं मध्यम आयुर्मान ५३.७ महिने, नुसत्या केमोत ४६. पण ज्यांच्यात ऑपरेशन करूनही थोडं मागे राहिलं त्यांचं नुसत्या केमोपेक्षाही वाईट झालं. अमेरिकेतल्या चाचणीत (२०१९) तर फायदाच दिसला नव्हता. म्हणजे मुद्दा 'ऑपरेशन करायचं का' हा नाही, 'सगळं निघेल का' हा आहे. त्याचं उत्तर रोज हेच ऑपरेशन करणारा सर्जनच स्कॅन बघून देऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही: बीआरसीए (जनुकांची) तपासणी झाली का?

बोटांबद्दल उद्या लिहितो. बावळटपणा अजिबात नाही.

नाक्यावरचा | ४ जून, सकाळी ९:३२

कंपौंडरकाका, +१. बुकमार्क केलं. (सासूबाईंसाठी. त्यांचा ब्रेस्टचा आहे, पण प्रश्न तेच.)

बाराबंदी | ४ जून, दुपारी १:०५

ताई, केमोच्या नादी लागू नका. शरीर पोखरून जातं. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा आणि गव्हांकुराचा रस तीन महिने द्या. आमच्या ओळखीत एकाचा लास्ट स्टेजचा बरा झालाय. फार्मा कंपन्या हे बाहेर येऊ देत नाहीत.

खडीसाखर | ४ जून, दुपारी १:२०

बाराबंदी, तो 'एक' प्रत्येक धाग्यावर असतो आणि त्याचा बायोप्सी रिपोर्ट कोणीच पाहिलेला नसतो.

माझ्या काकांनी आईला असाच रस आणून दिला होता. तिचे पांढऱ्या पेशींचे काउंट खाली होते, त्यात तो न शिजवलेला कच्चा रस. जुलाब लागले, ताप आला, चार दिवस ॲडमिट. काका भेटायलाही आले नाहीत.

कंपौंडर | ४ जून, दुपारी ३:४५

पानाफळांचे अर्क परीक्षानळीत पेशी मारतात. परीक्षानळीत फिनाईलही मारतं. वाद इथेच थांबवू, धागा अबोलीच्या आईचा आहे.

केमो चालू असताना कुठलाही काढा, हळदीच्या कॅप्सूल, होमिओपॅथी, काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लपवू नका. रोजच्या भाजीतली हळद चालते हो.

टपालहंशील | ४ जून, रात्री ८:१५

पैशाचं मी सांगतो, गेली चार वर्षं मेव्हण्यासाठी हेच करतोय.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: पूर्वी दीड लाख होते, आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि शिधापत्रिकेचा रंग आड येत नाही. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. केमो आणि ऑपरेशनची पॅकेजेस आहेत. महागड्या गोळ्या त्यात बसतात का हे आधी लेखी विचारा.

धर्मादाय रुग्णालयं (पाटी चकचकीत असली तरी बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय नोंदणीची असतात): १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बिल झाल्यावर नाही, ॲडमिट होताना.

रेल्वे: उपचाराला जाताना कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाड्यात पूर्ण सूट, सोबतच्याला पाऊण सूट. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यात सही-शिक्का आणावा लागतो.

आयकर: कलम ८०डीडीबी, साठीच्या पुढच्या रुग्णासाठी १ लाखापर्यंत वजावट. फक्त जुन्या करप्रणालीत. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र आत्ताच घेऊन ठेवा, मार्चमध्ये धावपळ नको.

मुंबईला टाटाला जाणार असाल तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे चौकशी करा. आणि प्रवासच जमणार नसेल तर 'नव्या' म्हणून ऑनलाईन सेवा आहे, कागद चढवले की टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं.

शेवंती | ५ जून, पहाटे ४:३०

झोप नाही, स्टेरॉइडची कृपा. केमोच्या दिवशी देतात ते माहीत असेलच.

अबोली, मी तुझ्या आईच्या जागेवरून लिहितेय. वय ५७, नाशिक. ओव्हरीचा, २०१९. परत आला २०२१ला, आणि आता पुन्हा. सध्या आठवड्याला एक पॅक्लिटॅक्सेल.

पहिल्यांदा परतला तेव्हा आमच्या घरीही 'आईला सांगू नका' झालं. नवरा आणि मुलगा बाल्कनीत जाऊन फोनवर बोलायचे. मी स्वयंपाकघरात असले की टीव्हीचा आवाज वाढायचा. मला वाटलं मुलाचं काहीतरी लफडं आहे, किंवा ह्यांची नोकरी गेली. महिनाभर मी चुकीच्या काळजीने पोखरले. पुढे केमोच्या खुर्चीत बसवेपर्यंत कोणी सांगितलं नाही, आणि तिथे नर्सने सहज विचारलं, "रिकरन्स ना, परत आलाय ना?" मुलाला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. चांगला आहे तो, औषधं आणतो, पाय चेपतो. पण ते नाही.

तू तिच्यासाठी औषधं निवडायला निघाली आहेस आणि तिला काय हवं हे विचारायची सोयच ठेवलेली नाहीस. बोटांची काळजी तुला आहे. तिला बोटं जास्त प्यारी की केस, की सहा महिने कमी सलाईन, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

कडक लिहिलं असेल तर त्या स्टेरॉइडवर ढकल.

अबोली_१२ | ५ जून, सकाळी १०:०२

शेवंतीताई, तीनदा वाचलं. दादालाही पाठवलं.

कंपौंडरकाका, बीआरसीए झालेली नाही. पहिल्या वेळी कोणी विषयच काढला नाही आणि मला शब्दही माहीत नव्हता.

कंपौंडर | ५ जून, दुपारी १२:३०

रुग्णालयाला दोष देऊन आता काही हाती नाही, पण तपासणी आता करा. बीआरसीए १ आणि २ या जनुकांचं काम डीएनए तुटला की जोडायचं. ते बिघडलं की पेशी कॅन्सरकडे झुकते, पण तीच तिची दुबळी बाजूही असते. प्लॅटिनम डीएनए तोडतं, पार्प इन्हिबिटर नावाच्या गोळ्या (ओलापॅरिब, निरापॅरिब) दुरुस्तीची उरलेली वाट अडवतात. जोडारी नसलेल्या घरात दोन्हीकडून तोडफोड झाली की पेशी मरते.

हाय ग्रेड सीरसमध्ये साधारण पाचातल्या एकीत हा बदल जन्मतः असतो. रक्तावर तपासता येतो. तो नसेल तर गाठीच्या ब्लॉकवरही बघतात, म्हणून खडीसाखरने ब्लॉक मागायला सांगितलं ते सोन्यासारखं. निकालाला तीन-चार आठवडे धरा. तोवर केमो सुरू करता येते, गोळ्या केमोनंतरच असतात. जिथे तपासाल तिथे आधी समुपदेशन होतंय ना बघा, कारण निकाल एकट्या आईचा नसतो. तुम्ही आणि तुमचे दादा, दोघांनाही तो बदल मिळालेला असण्याची शक्यता निम्मी निम्मी. मुलग्यांना लागू नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक.

आता बोटं. पॅक्लिटॅक्सेल मज्जातंतूंना त्रास देतं, आधीच मुंग्या असतील तर वाढू शकतात. प्लॅटिनम चालणाऱ्या रुग्णात कार्बोप्लॅटिनचा जोडीदार बदलता येतो. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन (लाल रंगाचं असतं) किंवा जेमसायटाबिन. लाल औषधाची कार्बोप्लॅटिनबरोबरची जोडी पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीशी ताडून पाहिली आहे: परिणामात कमी पडली नाही, मुंग्या आणि केस जाणं बरंच कमी. केमो दर चार आठवड्यांनी. पण फुकट काही नाही. तळहात-तळपाय लाल होणं, सोलवटणं हा त्याचा त्रास, आणि आधी टूडी एको करून हृदय बघतात. जेमसायटाबिनमध्ये प्लेटलेट घसरतात. बेव्हॅसिझुमॅबही (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) काही जणींना जोडतात, रक्तदाब आणि आतड्यांची अवस्था बघून.

डॉक्टरांना सरळ सांगा: माझी आई सुई धरते.

दूरदेशी | ६ जून, पहाटे २:१५

न्यू जर्सीहून. इथे मावशीला मिरवेटक्सिमॅब नावाचं औषध दिलं. नाव उच्चारायलाच तीन दिवस गेले. कॅन्सरच्या पेशीवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचं प्रथिन भरपूर असेल तरच चालतं. २०२२ मध्ये अमेरिकेत तात्पुरती आणि मार्च २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. डोळ्यांना धुरकट दिसतं, रोज थेंब घालावे लागतात. पण हे प्लॅटिनमला दाद न देणाऱ्यांसाठी आहे. अबोलीच्या आईला आत्ता लागू नाही, पुढच्या कपाटात काय आहे ते माहीत असावं म्हणून लिहिलं.

अवांतर: इम्युनोथेरपीबद्दल इथेही सगळे विचारतात. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये फुफ्फुस किंवा मेलॅनोमासारखी किमया तिने दाखवलेली नाही, असं मावशीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

अबोली_१२ | ९ जून, रात्री १०:५०

सांगितलं.

शनिवारी सांगलीला गेले. दादा व्हिडिओवर होता, बाबा मधेच उठून गच्चीवर गेले. आईने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न, "सुमनमावशीला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, दहा दिवस. आई म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटातलं मिरजेला आधी पोचलं." नंतर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मी पुण्याला परतताना पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली, पण हातात दिली नाही, दारात ठेवली.

आज फोन आला. चौकशा अशा: केस जाणार का? गेले तर चालेल. बोटं जाणार का? तर विचार करू. आणि आषाढीचा उपास झाल्याशिवाय सलाईन लावून घेणार नाही. आषाढी ६ जुलैला आहे. मी काकांचा ५२९ बायकांचा किस्सा सांगितला, तर म्हणे "बघ, विठोबाचं आणि त्या गोऱ्यांचं एकमत आहे."

शेवंती | १० जून, सकाळी ७:१०

मावशीचं ऐकून हसले आणि रडले. आईला माझा नमस्कार सांग.

खडीसाखर | १४ जून, दुपारी ४:००

उशीर झाला, पण लिहायचं ठरवलं होतं. शेवटपर्यंतचं लिहिणार आहे. ज्यांना आज नको त्यांनी इथेच थांबा.

माझी आई ओव्हरीच्या कॅन्सरबरोबर सहा वर्षं राहिली. तीनदा परतला. पहिल्यांदा दीड वर्षाने, दुसऱ्यांदा दहा महिन्यांनी, तिसऱ्यांदा चार महिन्यांनी. अंतरं कशी आखडत गेली बघा. कोणी सांगत नाही, पण बहुतेकींचं असंच होतं. पहिली विश्रांती सगळ्यात मोठी असते, तेव्हा करायचं ते करून घ्या. आम्ही त्यात तिला नर्मदेला नेलं. परिक्रमा नाही, नुसतं ओंकारेश्वर. काठावर बसून तिने दोन तास पाय पाण्यात सोडले होते, उठायलाच तयार नव्हती.

चौथ्या टप्प्यात पोटात पाणी भरायचं. आधी पंधरवड्याने काढायचो, मग आठवड्याने. मग आतडं अडायला लागलं. खाल्लं की उलटी, पोटात कळ. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले अजून एक औषध आहे. आम्ही 'हो' म्हणालो. आईला विचारलं नाही, म्हणजे विचारलं, पण असं विचारलं की 'नाही' म्हणायला जागाच नव्हती. दोन डोस झाले. त्या दीड महिन्यातले अठ्ठावीस दिवस रुग्णालयात गेले.

मग एका नर्सताईंनी पॅलिएटिव्हचं (त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) सुचवलं. आमच्या डोक्यात ते म्हणजे शेवटचे दोन दिवस. वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून चालतं, पैसे घेत नाहीत. तिथे तोंडाने मॉर्फिन सुरू केलं, आतड्यासाठी स्टेरॉइड आणि स्राव कमी करणारं इंजेक्शन, नाकातली नळी निघाली. अकरा दिवसांनी आई घरी आली. घरी! पाच आठवडे होती. चमच्या-चमच्याने ताक प्यायची, क्रिकेट बघायची, अंपायरला शिव्या द्यायची.

रुखरुख एकच आहे. ते केंद्र सहा महिने आधी का नाही गाठलं. केमो चालू असतानाही जाता येतं, वेदना-मळमळ सांभाळतात, घरच्यांशी बोलतात. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आहे, त्यांचं गोव्यात लोटलीलाही आहे.

अबोली, तुझ्या आईला हे आत्ता लागू नाही. फक्त नंबर फोनमध्ये साठवून ठेव.

नाक्यावरचा | १४ जून, सायंकाळी ५:२०

काही लिहावंसं वाटत नाही. वाचलं एवढंच.

अबोली_१२ | १९ जुलै, रात्री ९:१५

खूप दिवसांनी. टाटाला जाऊन आलो. सर्जननी स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवला. यकृताजवळची गाठ निघेल, पण आतड्याच्या पडद्यावर बारीक बारीक ठिपके आहेत, 'सगळं निघेल असं मी म्हणू शकत नाही, म्हणून ऑपरेशन सुचवत नाही.' वाईट वाटलं, पण काकांनी आधी समजावलं होतं म्हणून कळलं तरी का ते. बाहेर बाबा म्हणाले, "खोटं आश्वासन दिलं असतं तर मी सही केली असती."

केमो पुण्यातच. कार्बोप्लॅटिन आणि लाल औषध. डॉक्टरांना गोधडीचं सांगितलं, त्यांनी खरंच फाइलवर लिहिलं. ८ जुलैला पहिली झाली. नियम: केमोनंतर आठवडाभर गरम पाण्यात हात नाही, भांडी नाहीत, घट्ट चप्पल नाही आणि सुई नाही, कारण सुई रेटताना बोटावर दाब येतो. आठवड्यानंतर अंगुस्तान घालून अर्धा तास. आईने आयुष्यात अंगुस्तान घातलेलं नाही. म्हणते, टोपी घालून जेवल्यासारखं वाटतं.

आणि बीआरसीए आला. बीआरसीए १, पॉझिटिव्ह. आईची आई चाळिशीत 'पोटाच्या आजाराने' गेली होती. तो कोणता आजार, हे आम्हाला पन्नास वर्षांनी पुण्याच्या एका लॅबकडून कळतंय बहुतेक.

कंपौंडर | १९ जुलै, रात्री ९:५०

विचित्र वाटेल, पण उपचारांच्या दृष्टीने ही बातमी बरी आहे. बीआरसीए बदल असलेल्या, परतलेला आजार प्लॅटिनमने आटोक्यात आलेल्या बायकांत ओलापॅरिबची चाचणी झाली. आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ गोळीवर १९.१ महिने, नुसत्या नकली गोळीवर ५.५. एकूण आयुर्मान ५१.७ विरुद्ध ३८.८ महिने. हे मधले आकडे आहेत. निम्म्या बायका त्यांच्या पलीकडे जातात.

दुसरी बाजूही ऐका. रक्त कमी होतं, थकवा, मळमळ. दर महिन्याला रक्त तपासायचं. थोड्या जणींत अस्थिमज्जेचा गंभीर आजार होतो, त्या चाचणीत गोळीवर सुमारे ८ टक्के, गोळी नसलेल्यांत ४. डॉक्टर हे सांगतील, नाही सांगितलं तर विचारा. किमतीचं म्हणाल तर २०२४ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मगच घ्या.

तुमच्या दोघांची तपासणी घाईने नको, पण टाळू नका.

अबोली_१२ | ७ ऑगस्ट, रात्री ११:३०

परवा दुसरी केमो. कार्बोप्लॅटिन सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, आई म्हणाली तळहात खाजतायत. मग चेहरा लाल, धाप. सिस्टरनी एका झटक्यात सलाईन बंद केलं, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन. वीस मिनिटांत सावरली. मी बाहेर चहा आणायला गेले होते. कप हातात घेऊन दारात उभी, आत पाच माणसं आईभोवती.

कार्बोप्लॅटिनही गेलं का आता?

शेवंती | ८ ऑगस्ट, पहाटे ५:०५

नाही गं. माझंही अगदी असंच, आठव्या डोसला. आयुष्यातले सगळे डोस मोज: आधीचे सहा आणि हा दुसरा. शरीराला ओळख पटते त्याची. डिसेन्सिटायझेशन विचार. अगदी पातळ करून थेंबाथेंबाने सुरू करतात, आधी ॲलर्जीची औषधं देतात, सहा-सात तास लागतात. मी तसे चार घेतले. पुस्तक ने, आणि चहाला जाऊ नकोस.

कंपौंडर | ८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

शेवंतीताईंनी बरोबर सांगितलंय. तिथे तयारी असेल तिथेच करा, आणि डॉक्टरांना ती प्रतिक्रिया किती तीव्र वाटते यावरही आहे. खाज हे पहिलं लक्षण आईंनी लगेच सांगितलं, शाबास त्यांची.

अबोली_१२ | १४ जानेवारी २०२६, सायंकाळी ६:१०

तिळगूळ घ्या सगळे.

बाकीच्या चारही केमो थेंबाथेंबाने झाल्या, शेवटची २५ नोव्हेंबरला. गणपतीत एक दिवस ताप, दसऱ्याला प्लेटलेट कमी म्हणून डोस थोडा घटवला. तळव्यांची साल गेली, ती परत आली. केस विरळ झाले, गेले नाहीत. सीए १२५ आता १६. आईने शाळेच्या भाषेत सांगितलं, "पुन्हा पास." स्कॅनमध्ये यकृताजवळची गाठ दिसत नाही, ओटीपोटात एक बारीक राहिली आहे.

ओलापॅरिब सुरू होऊन दहा दिवस झाले. सकाळी दोन, रात्री दोन. पहिले तीन दिवस मळमळ, आता जेवणानंतर घेते. ग्रेपफ्रूट बंद सांगितलंय, आमच्या घरी कोण खातं ते, पण बाबांनी शेजारच्यांनी दिलेलं पपनससुद्धा परत केलं. पहिल्या महिन्यापासून हिशेब ठेवतोय, मेडिकलवाल्याची पावती बाबा प्लास्टिकच्या पिशवीत लावतात, टपालहंशीलदादा तुमच्या शिस्तीने.

दादाची आणि माझी तपासणी झाली. माझा निकाल इथे लिहीत नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

वारज्याचा नंबर फोनमध्ये आहे. आईने स्वतःच्याही फोनमध्ये घेतला, 'खडीसाखरची आई' या नावाने.

शेवंतीताई, तुम्ही सप्टेंबरपासून इथे लिहिलं नाहीत. आई दर आठवड्याला विचारते. तुमच्यासाठी तिने एक छोटी गोधडी केली आहे, मांडीवर घेण्यापुरती, सलाईनच्या खोलीत एसी फार असतो म्हणून. धावदोरा थोडा वाकडा आहे, तेवढं चालवून घ्या.

खडीसाखर | १४ जानेवारी, सायंकाळी ७:००

शेवंतीशी डिसेंबरमध्ये फोनवर बोलले. औषध बदललंय, थकवा आहे, म्हणून लिहीत नाही. वाचते मात्र सगळं.

शेवंती | १५ जानेवारी, पहाटे ४:१०

वाचते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आईला सांग, माझ्याकडे माझ्या आजीच्या दोन सुती नऊवारी पडून आहेत, पाठवू का?

अबोली_१२ | १५ जानेवारी, सकाळी ८:२५

आईचा निरोप: पाठवा. सुती असतील तरच, टेरिकॉट निघालं तर परत पाठवीन.